सिनेमाआधीची सहा मिनिटं

पिक्सारचा ‘कोको’ २०१७ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोत लागला. तिथल्याच मृतांच्या सणावर बेतलेला हा सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. पण तो सुरू व्हायच्या आधी पडद्यावर आला ‘फ्रोझन’मधला ओलाफ हा बर्फाचा माणूस, आणि तो काही केल्या जाईना. ‘ओलाफ्स फ्रोझन अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा हा लघुपट २१ मिनिटांचा होता. आपण भलत्याच खेळाला येऊन बसलो की काय, अशी शंका लोकांना येऊ लागली. तक्रारी एवढ्या झाल्या की मेक्सिकोतल्या थिएटरांनी तो काढून टाकला, आणि डिसेंबर उजाडल्यावर अमेरिकेतल्या थिएटरांतूनही तो मागे घेतला गेला. याच पिक्सारच्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’आधी २००१ मध्ये ‘फॉर द बर्ड्स’ हे जेमतेम साडेतीन मिनिटांचं, एकही शब्द नसलेलं कार्टून दाखवलं होतं. त्याला ऑस्कर मिळालं, आणि ज्यांना मुख्य सिनेमाची गोष्ट धड सांगता येणार नाही त्यांनाही त्यातले तारेवरचे पक्षी आठवतात.

ओलाफ लांबला म्हणून पडला, हे खरंच आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. हा लघुपट मुळात टीव्हीवरचा सणासुदीचा खास कार्यक्रम म्हणून आखलेला होता, नंतर तो थिएटरात आणला गेला. त्याला स्वतःची गाणी होती, स्वतःचा संदेश होता आणि प्रेक्षकाने आपल्यात गुंतावं अशी अपेक्षाही होती. थोडक्यात, पाहुण्याने यजमानाच्या खुर्चीत बसावं तसं झालं. यंदाच्या अंकाचा विषय विनोद असल्याने हा प्रसंग मुद्दाम आधी घेतला, कारण विनोदाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा त्यातल्या मजकुराबद्दल बोलतो. सिनेमाआधीच्या विनोदी कार्टूनची गंमत मात्र मजकुरापेक्षा जागेत जास्त आहे. कार्यक्रमातल्या त्या जागेनेच त्याची लांबी, त्याचं मौन, त्याचा वेग आणि त्याचा बेफिकीरपणा ठरवला आहे.

तिकिटात नसलेला खेळ

१८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात लोक आले ते ‘गँग वॉर’ हा सिनेमा बघायला. त्याआधी सात-आठ मिनिटांचं एक कार्टून लागलं. शिट्टी वाजवत बोटीचं सुकाणू फिरवणारा एक उंदीर त्यात होता. ‘स्टीमबोट विली’ आणि मिकी माऊस आज जगाला ठाऊक आहेत. ‘गँग वॉर’चं नाव फक्त या कार्टूनमुळे शिल्लक आहे. पाच वर्षांनी डिस्नेच्या ‘थ्री लिटल पिग्स’ने आणखी मजल मारली. मुख्य सिनेमे बदलत राहिले तरी कित्येक थिएटरांनी ती तीन डुकरं आठवडेच्या आठवडे हलवली नाहीत, आणि काहींनी तर दर्शनी पाटीवर त्यांचं नाव मुख्य सिनेमाच्या वर लावलं.

त्या काळचा अमेरिकन खेळ म्हणजे एक भरगच्च कार्यक्रम असे. बातमीपट, पुढच्या सिनेमांची झलक, एखादा विनोदी लघुपट, कार्टून आणि मग मुख्य सिनेमा. एका तिकिटात दोन सिनेमे द्यायची चाल पडल्यावर या किरकोळ मंडळींची जागा आक्रसली, पण कार्टून टिकून राहिलं. या रांगेत त्याची स्थिती चमत्कारिक होती. त्याच्यासाठी म्हणून कुणी आलेलं नसे. त्यात बघायला नट नाहीत, नट्या नाहीत. प्रेक्षक अजून जागा शोधतो आहे, कुणाचे दाणे सांडताहेत, कुणी शेजारच्याशी कुजबुजतो आहे, कुणी घरचं भांडण डोक्यात घेऊन बसला आहे. अशा वेळी पडद्यावर येणाऱ्याला ओळखपाळख करून द्यायला सवड नसते. आल्या आल्या बाह्याकृतीवरून ओळखू येईल असं पात्र, एका दृष्टिक्षेपात कळेल अशी अडचण आणि लगेच पहिला फटका, हाच त्याला मार्ग. नावं वाचता न येणाऱ्या पोरापासून चष्मा विसरलेल्या आजोबांपर्यंत सगळ्यांना ते एकदम कळायला हवं.

आणि ते कळलं की काय होतं, हे प्रेस्टन स्टर्जेस या दिग्दर्शकाने १९४१ च्या ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’मध्ये एका प्रसंगातच दाखवून ठेवलं आहे. त्याचा नायक हलक्याफुलक्या सिनेमांचा दिग्दर्शक. आता आपण गरिबांच्या दुःखावर गंभीर चित्रपट काढायचा, असं त्याच्या मनाने घेतलं आहे. फिरता फिरता तो सक्तमजुरीच्या छावणीत कैदी होऊन पडतो. एका संध्याकाळी साखळदंडांतल्या या कैद्यांना कृष्णवर्णीयांच्या एका साध्या चर्चमध्ये नेतात. चादरीसारखा पडदा टांगलेला, आणि त्यावर डिस्नेचं ‘प्लेफुल प्लूटो’ हे १९३४ चं कार्टून. प्लूटो कुत्र्याला माशा पकडायचा चिकट कागद चिकटतो. नाकाचा सोडवला की पायाला, पायाचा सोडवला की बुडाला. नॉर्म फर्ग्युसन या अ‍ॅनिमेटरची या प्रसंगातली करामत अशी की कुत्रा प्रत्येक फजितीनंतर थांबतो, विचार करतो, आणि त्या विचारानेच पुढच्या फजितीत पडतो. समोर कैदी, पहारेकरी, चर्चची मंडळी सगळे एकत्र हसत सुटतात. आपणही हसतो आहोत हे नायकाचं त्यालाच खरं वाटत नाही. तो शेजाऱ्याला विचारून खात्री करून घेतो. त्या दोन मिनिटांत ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही असे लोक एक प्रेक्षकवर्ग होतात. सिनेमाआधीचं कार्टून नेमकं हेच काम दर खेळाला करत होतं.

चोवीस तुकड्यांचा सेकंद

हे काम दिसायला पोरकट, करायला महाकठीण. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते, सेकंदाला चोवीस चौकटी. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून विभागात चक जोन्स, टेक्स एव्हरी, फ्रिट्झ फ्रेलेंग, बॉब क्लॅम्पेट या दिग्दर्शकांना साधारण ५४० फूट मिळत, म्हणजे सहा मिनिटं. खऱ्या माणसांचा सिनेमा भरपूर चित्रित करून मागाहून कापता येतो. कार्टूनला ती चैन परवडत नाही. काढलेलं प्रत्येक चित्र पैशाचं असतं. त्यामुळे संकलन चित्रं काढण्याच्या आधीच, कागदावर, चौकटी मोजून होत असे. कुठलं पात्र किती चौकटी थबकेल, कितव्या चौकटीला हातोडा पडेल, पडल्यावर किती चौकटी काहीच घडणार नाही, हे दिग्दर्शक आधी ठरवायचा आणि तक्ता अ‍ॅनिमेटरच्या हाती द्यायचा.

जोन्स यांच्या रोड रनर मालिकेतला (सुरुवात १९४९) कायोटी कड्यावरून पडतो तो क्षण पाहा. तो खाली जाता जाता ठिपक्याएवढा होऊन नाहीसा होईपर्यंत अठरा चौकटी. मग चौदा चौकटी पडद्यावर फक्त रिकामी दरी. आणि मग तळाशी धुळीचा एक इवलासा फुगा. विनोद कुठे आहे? पडण्यात नाही, धुळीतही फारसा नाही. अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त अशा त्या रिकाम्या चौदा चौकटींत तो आहे, कारण तेवढ्यात अख्खं थिएटर मनातल्या मनात कायोटीबरोबर तळ गाठतं. त्या चौकटी कमी केल्या तर हिशेब पुरा होत नाही, वाढवल्या तर लोक पुढे निघून जातात. घरी एकट्याने बघतानाही हे जमून येतं, पण मोजमाप घेतलं होतं ते शेकडो लोकांच्या श्वासाचं. हशा ओसरायला किती जागा सोडायची हाही त्याच गणिताचा भाग. पुढचा विनोद आधीच्या हशात बुडाला तर सहा मिनिटांतली दहा सेकंदं वाया.

वॉर्नरचे संगीतकार कार्ल स्टॉलिंग मूकपटांच्या काळात कॅन्सस सिटीच्या एका थिएटरात पडद्यासमोर बसून ऑर्गन वाजवायचे. प्रेक्षक कधी सैलावतो, कधी कान टवकारतो, हे त्यांनी बाकावर बसून शिकलेलं होतं. १९३६ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी त्या कार्टूनना संगीत दिलं, आणि त्यात संवादाची अर्धी कामगिरी वाद्यांनीच केली. रोड रनर आणि कायोटी बोलत नाहीत, टॉम आणि जेरी जवळपास बोलत नाहीत. भाषांतराची सोय हे मौनाचं एक कारण झालं. पण हसणाऱ्या गर्दीत वाक्यं ऐकू येत नाहीत, हे त्याहून साधं आणि पक्कं कारण.

जोन्स यांनी पुढे पुस्तकात कायोटीच्या गोष्टींचे नियम दिले आहेत. कायोटीला इजा होते ती त्याच्या स्वतःच्या अट्टहासाने, गुरुत्वाकर्षण हा त्याचा मुख्य वैरी, वगैरे. त्या गोष्टी लिहिणारे मायकेल माल्टीज यांना मात्र असे काही नियम असल्याचं ठाऊकच नव्हतं म्हणे! काम करताना नियम हाताला असतात, लिहून काढायला कुणीतरी म्हातारं व्हावं लागतं.

तारेवरचे पक्षी, टोपीतला ससा

अमेरिकेतल्या थिएटरांतून कार्टून जवळजवळ नाहीसं झाल्यावर पिक्सारने ही चाल पुन्हा आणली. १९९८ च्या ‘अ बग्ज लाइफ’आधी स्वतःशीच बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्याचं ‘गेरीज गेम’ लागलं, आणि पुढची वीसएक वर्षं पिक्सारच्या सिनेमाला वेळेवर पोचायचं ते आधीच्या कार्टूनसाठी, अशी सवय लोकांना लागली. यातली दोन जवळून पाहण्यासारखी आहेत.

राल्फ एगलस्टन यांच्या ‘फॉर द बर्ड्स’मध्ये तारेवर एकसारखे दिसणारे चिमुकले निळे पक्षी येऊन बसतात आणि जागेवरून कचाकचा भांडतात. शेजारच्या खांबावर एक मोठा, बावळट पक्षी हात हलवतो. सगळे त्याची नक्कल करून हसतात, तर त्याला वाटतं आपलं स्वागत होतंय. तो येऊन बरोबर मध्ये बसतो. तार जमिनीपर्यंत लोंबकळते, चिमुकले घसरत त्याच्या अंगावर. मग दोघेजण त्याच्या पायाची बोटं एकेक करून टोचून सोडवायला लागतात. एक बोट, दुसरं बोट. इथपर्यंत सगळं पक्ष्यांच्या मनासारखं चाललेलं आहे, आणि थिएटरातल्या प्रत्येकाला तारेचं काय होणार हे कळून चुकलेलं आहे. शेवटच्या बोटाआधी त्यांच्यातल्याही एकाला कळतं, पण उशीर झालेला असतो. प्रेक्षकाला पात्रापेक्षा दोन सेकंद आधी कळावं, आणि आपल्याला कळलं हे शेजारच्यालाही कळावं, एवढ्यावर हा डाव उभा आहे. पुढे काय होतं ते विनोदाच्या दृष्टीने केवळ वसुली.

२००८ मध्ये ‘वॉल-ई’आधी आलेलं डग स्वीटलँड यांचं ‘प्रेस्टो’ तर सरळ जुन्या घराण्याला दंडवत आहे. जादूगाराकडे दोन टोप्या. एकीत हात घातला की तो दुसरीतून बाहेर येतो. सशाला भूक लागली आहे, आणि गाजर दिल्याशिवाय तो टोपीतून निघायला तयार नाही. एवढा एक नियम हाती लागल्यावर जादूगाराचं बोट उंदरांच्या सापळ्यात जातं, डोळ्यावर अंडं फुटतं, विजेचा झटका बसतो, आणि मंचासमोर बसलेले प्रेक्षक हे सगळं प्रयोगाचाच भाग समजून टाळ्या पिटतात. पाच मिनिटांत एका नियमाच्या जेवढ्या घड्या पडतील तेवढ्या पाडल्या, आणि पडदा. जादूगाराच्या पूर्वायुष्यात काय घडलं, ससा कुठून आला, कुणाला काय शिकायला मिळालं, याची चौकशी नाही.

पिक्सारची पुढची काही कार्टून या बाबतीत घसरली असं माझं मत आहे. ‘लाव्हा’मधला ज्वालामुखी गोड आवाजात गात गात जोडीदाराची वाट पाहतो, आणि ते बघताना आपणच कासावीस व्हावं अशी त्याची मागणी असते. ‘बाओ’सारखा आईच्या मायेवरचा लघुपट सुंदर आहे, ऑस्करही त्याला रास्तच मिळालं, पण तो मुख्य सिनेमाआधी मन मोकळं करत नाही, उलट भरून टाकतो.

फुकट तर जाहिरातही असते

यावर कुणी म्हणेल, की हा सारा पदरमोड न करता मिळालेल्या वस्तूचा आनंद आहे; मिठाईवाल्याने वर टाकलेल्या जिलबीचा तुकडा गोड लागायचाच. पण मग सिनेमाआधीच्या जाहिराती का गोड लागत नाहीत? त्याही तिकिटाबाहेरच्या असतात. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि बातमीपट दाखवणं थिएटरांना कितीतरी वर्षं सक्तीचं होतं, आणि त्या वेळात लोक बाहेर विडी ओढून येत. २०१२ पासून सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी चित्रफिती दाखवाव्या लागतात. त्यांचा हेतू चांगलाच आहे, पण त्या बघायला कुणी लवकर येत नाही. यांतलं प्रत्येक जण आपल्याकडे काहीतरी मागतं. एकाला साबण खपवायचा असतो, दुसऱ्याला धरण दाखवायचं असतं, तिसऱ्याला व्यसन सोडवायचं असतं. कायोटी काहीच मागत नाही. विनोदी कार्टून हा त्या अंधारातला एकटाच निरपेक्ष गृहस्थ, आणि फुकटपणापेक्षा हा निरपेक्षपणा लोकांना भावतो.

फिल्म्स डिव्हिजनकडे कार्टून काढणारी गुणी माणसं नव्हती असं मुळीच नाही. १९५६ च्या सुमारास डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत येऊन तिथल्या कार्टून विभागाला शिकवून गेले. जी. के. गोखले, राम मोहन, प्रमोद पती ही मंडळी त्या विभागातली. त्यांच्या हातात कसब होतं, थट्टाही होती. पण त्यांच्याकडे येणारा विषय बहुतेक वेळा कुटुंबनियोजनाचा नाही तर बचतीचा असे, आणि हसवून झाल्यावर उपदेशाची गोळी द्यायचं बंधन त्यांच्यावर असे.

आपल्या प्रेक्षकाला ही चालच परकी आहे, हा आक्षेपही टिकत नाही. तमाशात गण-गौळणीनंतर बतावणी येते आणि मग वग. बतावणीतल्या सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर फड कसा रंगणार याचा अंदाज लोक बांधतात. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा त्याच्या जोडीला नाच, विनोदी नक्कल आणि पायांनी कसरत करणारा कलावंत असा सगळा सरंजाम होता. दादासाहेब फाळक्यांनी पुढच्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ला ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट जोडला, आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’मध्ये चक्क काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. सत्त्वपरीक्षा पाहायला आलेल्या माणसालाही आधी थोडं हसायला लागतं, हे त्यांना कुणी अमेरिकेहून येऊन सांगितलेलं नव्हतं.

मग टीव्हीवर कसं चाललं?

सगळ्यात तगडा आक्षेप हा. आपल्यातल्या बहुतेकांनी टॉम आणि जेरी पाहिले ते घरच्या टीव्हीवर, जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन, आणि पोट धरून हसले. जागेचं एवढं माहात्म्य असेल तर ते घरात कसं टिकलं? उत्तर असं की टीव्हीने दाखवलं ते थिएटरासाठी घडवलेलं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात एमजीएमसाठी टॉम-जेरीची ११४ कार्टून केली, त्यांतल्या सात कार्टूनना ऑस्कर मिळालं. त्याच दोघांच्या कंपनीने १९७५ मध्ये टॉम-जेरी खास टीव्हीसाठी नव्याने केले. त्यात दोघं चक्क मित्र झाले, जेरीच्या गळ्यात बो टाय आला आणि मारामारी गेली, कारण मुलांच्या कार्यक्रमात हिंसा नको असा त्या काळचा दंडक होता. निर्माते तेच, मांजर तेच, उंदीर तोच. त्या मालिकेची आठवण काढणारा माणूस शोधून सापडायचा नाही. टीव्हीच्या वेळापत्रकाला दर आठवड्याला माल लागतो, त्यामुळे चित्रं कमी आणि बडबड जास्त. चौदा रिकाम्या चौकटी मोजत बसायला तिथे कुणाला वेळ?

ही करमणूक मुळात पोरांची, हेही टीव्हीनेच पसरवलेलं. वॅग्नरच्या ऑपेराची सहा-सात मिनिटांत वाट लावणारं १९५७ चं ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ शाळकरी मुलांसाठी काढलेलं नाही.

हिशेबाच्या वहीत नसलेली कमाई

इतकं असताना ते मेलं कशाने? पैशाने. अमेरिकेत मुख्य सिनेमाला गल्ल्यातला हिस्सा मिळे, कार्टूनला ठरावीक भाडं. ‘थ्री लिटल पिग्स’सारखा अपवाद सोडला तर कार्टूनमुळे किती लोक खूश होऊन घरी गेले हे गल्ल्यात दिसतच नसे. मोठे स्टुडिओ आपल्या सिनेमांबरोबर कार्टूनही थिएटरांच्या गळ्यात मारत, तोवर ते निभावलं. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही गठ्ठाविक्री बंद पाडली आणि थिएटरमालक हात आखडू लागले. १९५७ मध्ये एमजीएमने पाहिलं की जुनीच कार्टून पुन्हा लावली तरी जवळपास नव्याइतकं भाडं येतं, आणि विभागाला कुलूप ठोकलं. वॉर्नरनेही १९६३ मध्ये आपला स्टुडिओ बंद केला.

पिक्सारला हे परवडलं कारण त्यांनी नफा दुसऱ्या खात्यात मांडला. ‘गेरीज गेम’मध्ये माणसाची कातडी आणि कपड्याच्या चुण्या संगणकावर कशा जमतील ते आजमावून पाहिलं. ‘ला लुना’ करणारे एन्रिको कासारोसा पुढे ‘लुका’चे दिग्दर्शक झाले, ‘पार्टली क्लाउडी’चे पीटर सोन ‘एलिमेंटल’चे, ‘बाओ’च्या डोमी शी ‘टर्निंग रेड’च्या. लघुपट ही त्यांची तालीम होती. पण २०१९ च्या ‘टॉय स्टोरी ४’आधी काहीच लागलं नाही, आणि नवे छोटे प्रयोग बव्हंशी घरबसल्या बघायच्या डिस्ने प्लसवर गेले. ‘एलिमेंटल’आधी २०२३ मध्ये ‘कार्ल्स डेट’ आलं, तेवढ्यापुरतंच.

म्हणून मराठी निर्मात्यांना आणि थिएटरमालकांना एक सुचवावंसं वाटतं. जाहिरातींना दिलेल्या वेळातली पाच मिनिटं काढा. पवईच्या आयआयटीत आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांत अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दरवर्षी लघुपट करतातच. त्यांतला एखादा हसवणारा निवडा, त्याला योग्य भाडं द्या आणि आपल्या सिनेमाआधी लावा. संवाद नसले तर उत्तम. संदेश असला तर कापून टाका. आणि लोक वेळेवर यायला लागले की नाही ते दुसऱ्या आठवड्यात दाराशी उभं राहून बघा.